पाहुण्या ताऱ्याची वर्दी

आकाशातील तारे ढळत नाहीत, अशी माणसाची फार जुनी समजूत आहे. निश्चय कसा असावा, तर ध्रुवासारखा असावा असे आपण म्हणतो. उन्हाळ्याच्या रात्री भालकी, औराद, आळंद या बाजूला माळवदावर बाज टाकून पडलेला शेतकरी सप्तर्षी ओळखतो, मृगातला बाण ओळखतो आणि आजोबांनी दाखविलेला तारा नातवाला दाखवितो. तीन पिढ्यांच्या पाहण्यात त्यात काही फरक पडलेला नसतो. म्हणूनच हे आकाश कायमचे आहे असे वाटते.

तथापि हे खरे नाही. काही तारे ठरावीक काळाने मंद होतात आणि पुन्हा उजळतात. काही एखाद्या रात्री अकस्मात हजारो पटींनी तेजाळतात. क्वचित एखादा तारा आयुष्याच्या शेवटी असा पेटतो की तो भर दिवसाही दिसावा. तेज बदलणाऱ्या ताऱ्यांना मराठीत रूपविकारी तारे म्हणतात, अकस्मात उजळणाऱ्याला नवतारा आणि स्फोट होऊन संपणाऱ्याला अतिदीप्त नवतारा म्हणतात. चिनी लोकांनी अशा ताऱ्याला फार सुंदर नाव दिले होते. ते त्याला ‘पाहुणा तारा’ म्हणत. पाहुणा येतो, काही दिवस राहतो आणि निघून जातो. तो आला होता हे पुढच्या पिढ्यांना कळायचे असेल, तर त्याच्या येण्याची वर्दी कोणीतरी द्यावी लागते आणि ती लिहून ठेवावी लागते. आजचा विषय या वर्दीचा आहे.

इसवी सन १०५४ च्या जुलै महिन्याच्या ४ तारखेला पहाटे चिनी ज्योतिष्यांना वृषभ राशीत असा एक पाहुणा दिसला. तेवीस दिवस तो दिवसाउजेडी दिसत होता आणि रात्री पावणेदोन वर्षांहून अधिक काळ नुसत्या डोळ्यांना दिसत राहिला. त्या ताऱ्याचे विखुरलेले अवशेष आजही दुर्बिणीतून दिसतात. त्यांना क्रॅब अभ्रिका म्हणतात. त्या जागेचे अंतर सुमारे ६,५०० प्रकाशवर्षे आहे.

त्या वेळी आपल्या या भागात काय चालले होते? आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण, म्हणजे तेव्हाचे कल्याण, ही चालुक्यांची राजधानी होती आणि पहिला सोमेश्वर तिथे राज्य करीत होता. नगर विद्येत मागे नव्हते. याच कल्याणात काही दशकांनी विज्ञानेश्वरांनी ‘मिताक्षरा’ लिहिली. त्या काळचे शिलालेख पाहिले तर दान देताना संवत्सर, मास, तिथी, वार, एवढेच नव्हे तर ग्रहण किंवा संक्रांत असेल तर तीही काळजीपूर्वक कोरलेली आढळते. म्हणजे आकाशाकडे लक्ष होते आणि लिहिण्याची सवयही होती. असे असूनही या तेजस्वी पाहुण्याची सर्वमान्य झालेली एकही नोंद भारतीय साहित्यात नाही.

जुलै महिना म्हणजे पावसाळा. आर्द्रा-पुनर्वसूच्या ढगांनी आकाश झाकले असेल, असे कोणी म्हणेल. ते काही अंशी खरेही असेल. परंतु पाऊस उघडल्यावर पुढची संपूर्ण थंडी तो तारा आकाशात होता. कल्याणच्या किल्ल्यावरील पहारेकऱ्याने, पहाटे मोट धरणाऱ्या शेतकऱ्याने, नदीवर स्नानाला जाणाऱ्या ब्राह्मणाने त्याच्याकडे पाहिले नसेल, हे संभवत नाही. पाहिले असेल, शेजाऱ्याला दाखविलेही असेल. पण लिहिले गेले नाही, निदान टिकले नाही. पंचांगकर्त्याचे गणित ग्रहांचे होते, ग्रहणांचे होते. जे गणिताने आधी सांगता येते ते नोंदण्याची आपल्याकडे रीत होती. न सांगता येणाऱ्या पाहुण्यासाठी पंचांगात रकाना नव्हता. चिनी दरबारात मात्र आकाशात जे काही नवे दिसेल ते लिहून ठेवणारे नेमलेले लोक होते. फरक दृष्टीचा नव्हता, तो वहीचा होता.

याच भूमीवर साडेतीनशे वर्षांनी आकाशाकडे पाहण्याचा एक मोठा संकल्प सुटला. गुलबर्ग्याच्या गादीवर तेव्हा फिरोजशहा बहमनी होता. इसवी सन १३९७ ते १४२२ हा त्याचा काळ. गणित आणि ज्योतिष यांची त्याला मनापासून आवड होती. १४०७ साली त्याने दौलताबादजवळच्या घाटात वेधशाळा बांधण्याची आज्ञा दिली आणि ते काम हकीम हसन गिलानी या विद्वानाकडे सोपविले. परंतु हकीम गिलानी वारले आणि वेधशाळा अपुरी राहिली, असे इतिहासकार फेरिश्ता लिहून गेला आहे. एका माणसावर उभे असलेले काम त्या माणसाबरोबर संपले.

या घटनेशेजारी दुसरी एक घटना ठेवून पाहण्यासारखी आहे. बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या व नंतर त्या राज्याच्या कारभारात होते. त्या हैदराबादेत १९०१ साली नवाब जफर जंग यांनी स्वतःच्या खर्चाने वेधशाळा उभारली. १९०७ साली तेही वारले. पण या वेळी काम थांबले नाही. १९०८ मध्ये सरकारने वेधशाळा ताब्यात घेतली आणि तिला निजामिया वेधशाळा हे नाव मिळाले. साऱ्या आकाशाचे छायाचित्र घेऊन ताऱ्यांची यादी करण्याचे काम जगातील अनेक वेधशाळांनी वाटून घेतले होते. त्यातला एक पट्टा निजामियाच्या वाट्याला आला. सात लाखांहून अधिक ताऱ्यांची स्थाने मोजून तिने ती बारा खंडांत छापली. पुढे टी. पी. भास्करन संचालक असताना पंधरा इंची दुर्बिणीतून रूपविकारी ताऱ्यांचे नियमित निरीक्षणही सुरू झाले. तिथल्या एका साहाय्यकाचा मुलगा वडिलांच्या मागोमाग वेधशाळेत जाई. विद्यार्थिदशेतच तो रूपविकारी ताऱ्यांचे निरीक्षण करू लागला. हा मुलगा म्हणजे वेणू बाप्पू. आधुनिक भारतीय खगोलशास्त्राच्या उभारणीत त्यांचा वाटा फार मोठा आहे, आणि १९७९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे अध्यक्ष झाले.

आता हे तारे बदलतात कशाने, ते थोडक्यात पाहू. काही ठिकाणी दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतात आणि एक दुसऱ्याच्या आड आला की तेज उतरते. हे एक प्रकारचे ग्रहणच होय. ययाती तारकासमूहातील अल्गोल हा असा तारा असून त्याचे ग्रहण सुमारे २ दिवस २१ तासांनी पुन्हा पुन्हा घडते. जॉन गुडरिक या अठरा वर्षांच्या, ऐकू न येणाऱ्या इंग्रज मुलाने १७८२ च्या हिवाळ्यात नुसत्या डोळ्यांनी पाहून ही नियमितता शोधून काढली. काही तारे स्वतःच फुगतात आणि आक्रसतात. तिमिंगिल समूहातील मीरा हा तारा सुमारे ३३२ दिवसांत एक फेरा पुरा करतो. कधी सहज दिसतो, कधी दुर्बिणीवाचून दिसतच नाही.

नवताऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे एक विझत आलेला, पृथ्वीएवढा लहान पण अतिशय घन असा श्वेत लघुतारा असतो आणि त्याच्या जवळ एक मोठा सोबती असतो. सोबत्याचा हायड्रोजन वायू या लघुताऱ्यावर साचत जातो. थर पुरेसा जाड आणि तापलेला झाला की तो एकदम पेट घेतो आणि तारा हजारो पटींनी उजळतो. चुलीवरचे दूध उतू जावे तसे हे आहे. दूध सांडते, पातेले शाबूत राहते आणि पुढे पुन्हा दूध तापू शकते. अतिदीप्त नवताऱ्यात मात्र पातेलेच फुटते. एक तर प्रचंड ताऱ्याचा गाभा स्वतःच्या भाराखाली कोसळतो, नाही तर श्वेत लघुताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटींच्या मर्यादेशी पोहोचते आणि तो साराच उडतो. ही मर्यादा चंद्रशेखर यांच्या नावाने ओळखली जाते. आपल्या आकाशगंगेत नुसत्या डोळ्यांना दिसलेला असा शेवटचा तारा १६०४ सालचा. गॅलिलिओने दुर्बीण आकाशाकडे वळविली ती त्यानंतर पाच वर्षांनी.

हे सारे वेधशाळेतील विद्वानांचे काम, सामान्य माणसाचा त्यात काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. त्याला उत्तर म्हणून जशोर गावच्या एका कारकुनाची हकीकत सांगण्यासारखी आहे. राधागोविंद चंद्र हे त्यांचे नाव. प्रवेश परीक्षेत ते तीनदा नापास झाले. पुढे सरकारी खजिन्यात नाणी पारखणाऱ्या पोतदाराची लहानशी नोकरी त्यांना मिळाली. दिवसा खरे-खोटे नाणे ओळखावे आणि रात्री तीन इंची लहान दुर्बिणीतून तारे पाहावेत, असा त्यांचा क्रम होता. १९१८ च्या जून महिन्यात गरुड तारकासमूहात, श्रवण नक्षत्राच्या बाजूला, नेहमी नसणारा एक तेजस्वी तारा त्यांना दिसला. तो त्या शतकातील सर्वांत तेजस्वी नवतारा ठरला. चंद्र यांनी तो पाहिला आणि ते तिथेच थांबले नाहीत. त्यांनी अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेला लिहून कळविले.

रूपविकारी ताऱ्यांच्या हौशी निरीक्षकांची एक संस्था अमेरिकेत १९११ मध्ये स्थापन झाली होती. तिने चंद्र यांना सभासद करून घेतले आणि १९२६ मध्ये एक सहा इंची दुर्बीण त्यांच्याकडे पाठविली. १९१९ ते १९५४ या काळात त्यांनी या संस्थेला ३७ हजारांहून अधिक निरीक्षणे कळविली. प्रत्येक निरीक्षण म्हणजे एक ताऱ्याचे नाव, एक वेळ आणि तेजाचा एक आकडा, इतकेच. परंतु अमेरिकेत दिवस असतो तेव्हा बंगालात रात्र असते. तिकडच्या वह्यांतील रिकाम्या जागा जशोरच्या पोतदाराच्या आकड्यांनी भरल्या. पुढे ती सहा इंची दुर्बीण वेणू बाप्पू यांच्याकडे गेली. फिरोजशहाची वेधशाळा एका मृत्यूने थांबली. ही दुर्बीण मात्र एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली.

वर्दी देण्यात किती अडचणी असतात, याचीही एक गोष्ट आहे. उत्तर मुकुट नावाचा लहानसा अर्धवर्तुळाकार तारकासमूह आहे. १८६६ च्या मे महिन्याच्या १२ तारखेला आयर्लंडमधील जॉन बर्मिंगहॅम या गृहस्थांना रात्री घरी परतताना या मुकुटात एक नवाच तेजस्वी तारा दिसला. त्यांनी एका मोठ्या वृत्तपत्राला पत्र लिहिले. ते छापले गेले नाही. मग त्यांनी विल्यम हगिन्स या शास्त्रज्ञांना कळविले. हगिन्स यांनी १६ तारखेला त्याच्या प्रकाशाचे पृथक्करण केले तेव्हा तारा मंदावू लागला होता. तरीही तप्त हायड्रोजनच्या झगझगीत रेषा त्यांना दिसल्या. नवताऱ्याच्या प्रकाशाचा असा अभ्यास प्रथमच होत होता. एक पत्र आणखी उशिरा पोहोचते, तर ही संधी गेली असती.

हाच तारा १९४६ च्या फेब्रुवारीत पुन्हा उजळला. ओहायोमधील शेतकरी लेस्ली पेल्टियर १९२० पासून त्याच्यावर पाळत ठेवून होते. त्या रात्री त्यांनी अडीच वाजताचा गजर लावला होता. ते उठलेही; पण सर्दी होण्याची लक्षणे वाटली, बाहेर थंडी होती, म्हणून पुन्हा अंथरुणात शिरले. नेमकी तीच रात्र ताऱ्याची होती. पंचवीस वर्षे जागलेला माणूस एका रात्री झोपला. ही चूक त्यांनी स्वतःच आपल्या पुस्तकात मोकळेपणाने सांगितली आहे आणि यातच निरीक्षकाचा प्रामाणिकपणा दिसतो.

१८६६ आणि १९४६ यांत ऐंशी वर्षांचे अंतर आहे. त्या हिशेबाने या ताऱ्याची पुढची पाळी आपल्याच काळात येते आणि म्हणून अलीकडच्या वर्षांत जगभरचे निरीक्षक त्याच्याकडे लक्ष ठेवून आहेत. एरवी तो दहाव्या प्रतीचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा आहे. उजळला की दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचा होतो आणि सुमारे आठवडाभरात पुन्हा डोळ्यांआड होतो. स्वाती आणि अभिजित या दोन ठळक ताऱ्यांच्या मध्ये, स्वातीच्या जवळ, उत्तर मुकुट शोधावा. बीदर-कलबुर्गीच्या अक्षांशावरून तो जवळजवळ डोक्यावरून जातो. मे महिन्यात मध्यरात्रीच्या सुमारास तो उंच चढलेला असतो. पाऊस लागण्यापूर्वीचे ते दिवस माळवदावर निजण्याचेच असतात.

निरीक्षणाची रीत कठीण नाही. मृगाच्या चार पायांपैकी तांबूस तारा, ज्याला काक्षी किंवा आर्द्रा म्हणतात, त्यावर तिची सवय करावी. मृग आणि आर्द्रा ही नावे पेरणीमुळे शेतकऱ्याच्या तोंडी असतातच. प्रश्वा हा तारा ०.४ प्रतीचा आणि रोहिणी ०.९ प्रतीची. आकडा जितका लहान तितके तेज अधिक, हे ध्यानात ठेवावे. आर्द्रा या दोहोंच्या नेमकी मध्ये वाटली, तर तिची प्रत सुमारे ०.६ किंवा ०.७ लिहावी. १९२० साली नव्हे, तर अगदी अलीकडे, २०२० च्या फेब्रुवारीत हा तारा १.६ प्रतीपर्यंत उतरला होता. मृगाच्या ज्या पायाशेजारी तो एरवी उघडच उजवा दिसतो, त्याच्या बरोबरीला आला होता. हा फरक पाहण्यास दुर्बिणीची गरज नव्हती, नित्य पाहण्याची होती.

काही नियम मात्र पाळले पाहिजेत. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहू नये, कारण तो डोळ्यांना हळूहळू अधिक तेजस्वी भासू लागतो. झटकन दृष्टी टाकून तुलना करावी. क्षितिजालगतचा तारा हवेमुळे मंद दिसतो, म्हणून तुलनेचे तारे शक्यतो सारख्या उंचीवरचे घ्यावेत. कालचा आकडा पाहून आजचा लिहू नये. शेजाऱ्याचा पाहून तर मुळीच लिहू नये. वेळ लिहिताना घड्याळातून साडेपाच तास वजा करून जागतिक वेळ लिहावी. १३ तारखेच्या पहाटे २ वाजताचे निरीक्षण जागतिक वेळेप्रमाणे १२ तारखेच्या रात्री साडेआठचे ठरते. तारखेची अशी एक चूक साऱ्या निरीक्षणाची माती करते.

आणि काही दिसले नाही, तर ‘दिसले नाही’ असे लिहावे. याचे मोल किती, ते १९८७ साली कळले. त्या वर्षी २३ फेब्रुवारीला दक्षिणेकडील मोठ्या मॅगेलनी मेघात एक तारा फुटला. त्याचे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण जमिनीखालील उपकरणांत प्रथम नोंदले गेले. त्यानंतर पावणेदोन-दोन तासांनी न्यूझीलंडचे हौशी निरीक्षक अल्बर्ट जोन्स यांनी नेहमीप्रमाणे तो भाग पाहिला. नवे काही नव्हते आणि ते त्यांनी तसे नोंदले. तासाभरानंतरच्या ऑस्ट्रेलियातील छायाचित्रात तारा उजळलेला होता. स्फोटाची लाट ताऱ्याच्या पृष्ठभागावर केव्हा पोहोचली, हे ठरविताना जोन्स यांची ती ‘नाही’ची नोंद शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडली.

एखाद्या रात्री खरोखरच अनोळखी तारा दिसला, तर उतावीळ होऊ नये. तो ग्रह तर नाही ना, हे पंचांगावरून पाहावे. अर्धा तास थांबून तो शेजारच्या ताऱ्यांच्या संदर्भात सरकतो का ते पाहावे. सरकला तर तो कृत्रिम उपग्रह किंवा विमान. नकाशाशी ताडून पाहावे, दुसऱ्या माणसाला न सांगता तिकडे पाहायला लावावे आणि त्याला काय दिसते ते विचारावे. इतके करून शंका उरली नाही, तर मात्र सकाळची वाट पाहू नये. पूर्वी अशी वर्दी तारेने कोपनहेगनच्या केंद्राकडे जाई. पुढे ते केंद्र अमेरिकेत गेले. २०१६ पासून आंतरराष्ट्रीय संघाने संगणकावर नोंद घेण्याची सोय केली आहे. आपल्याकडे पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. अशा जाणत्या मंडळींचा सल्ला घेता येतो.

आता यंत्रे रात्रभर आकाशाची छायाचित्रे घेतात. मग माणसाची गरज काय, असा प्रश्न राहतो. मोठ्या दुर्बिणींना तेजस्वी तारे झेपत नाहीत. त्यांची छायाचित्रे करपल्यासारखी होतात. ढग, दिवस आणि चांदणे यांमुळे कोणत्याही एका ठिकाणची नोंद अखंड राहत नाही. २०२३ च्या १९ मे रोजी दोन कोटी प्रकाशवर्षांपलीकडील दीर्घिकेत अतिदीप्त नवतारा प्रथम दिसला, तो जपानच्या कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकाला.

बीदरचे पठार उंच आहे. गावाबाहेर तुरीच्या शेतांवर अजून पुष्कळ ठिकाणी खरा अंधार उतरतो. शहरांतून हा अंधार नाहीसा होत चालला आहे आणि दिव्यांची रांग या बाजूलाही सरकते आहे. सीमेवरच्या गावांतील शाळांत मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुले एका बाकावर बसतात. त्यांच्यापैकी कोणी शंभर पानी वही घेऊन दर आठवड्याला चार ओळी लिहीत राहिला, तारीख, वेळ, ताऱ्याचे नाव आणि प्रत, तर कल्याणच्या राजधानीत जे राहून गेले ते आज खेड्यातल्या शाळेत होऊ शकेल. पाहुणा केव्हा येईल हे कोणाच्याही हाती नाही. तो येईल त्या रात्री वहीत तारीख पडलेली असावी, एवढे मात्र आपल्या हाती आहे.